सीएफ असलेल्या लेकीला पळताना खोकला आला की थांबवायचं का?

दोन_वेण्यांची_आई

नमस्कार. माझी मुलगी ११ वर्षांची आहे. ती साडेतीन वर्षांची असताना घामाची चाचणी झाली, क्लोराइड, म्हणजे घामातलं मीठ, ९८ इतकं जास्त आलं आणि सिस्टिक फायब्रोसिसचं (सीएफ, म्हणजे फुफ्फुसांत चिकट कफ साठणारा जन्मजात आजार) निदान झालं. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ नेब्युलायझर, मग छातीचा फिजिओ, प्रत्येक खाण्याबरोबर पचनासाठी एन्झाइमच्या गोळ्या. हे सगळं आता अंगवळणी पडलंय. अडलंय ते पळण्यापाशी.

मागच्या महिन्यात शाळेत २०० मीटरची शर्यत होती. दीडशे मीटरपर्यंत ती दुसरी होती. मग खोकल्याची उबळ आली. गुडघ्यांवर हात ठेवून वाकली आणि खोकतच राहिली, चेहरा लालबुंद झाला, शेवटी मोठा बेडका पडला. पीटीच्या बाई घाबरल्या. त्या दिवसापासून पीटीच्या तासाला ती बाकावर बसते. तिच्या हातात वही आणि स्टॉपवॉच दिलंय, इतरांच्या वेळा ती लिहून घेते. बाईंवर माझा राग नाही, कारण घरी मीही तेच करते. ती जिना धावत चढली की माझ्या तोंडून आधी "हळू!" निघतं. धाप लागलेली दिसली की माझ्या पोटात गोळा येतो.

परवा झोपताना ती म्हणाली, "आई, माझ्या वहीत सगळ्यांच्या वेळा आहेत, माझी एकटीची नाही." त्यानंतर मला झोप लागली नाही.

डॉक्टर दर खेपेला म्हणतात, व्यायाम वाढवा. पण तो कसा वाढवायचा? किती? खोकला आला की थांबवायचं की नाही? घामातून मीठ जातं त्याचं काय करायचं? आणि ती मला विचारते, "मी पळाले तर त्या दिवशी फिजिओला सुट्टी?" त्याला मी काय उत्तर देऊ? ज्यांची मुलं या वयातून पुढे गेली आहेत त्यांनी कृपया लिहा.

---

वहीवाला_बाबा

ताई, तुमचं लिहिलेलं वाचलं आणि कपाटातली जुनी वही काढून बसलो. माझा मुलगा १६ वर्षांचा आहे. तो ८ वर्षांचा असल्यापासून त्याच्या व्यायामाची नोंद मी ठेवतोय, आता तोच ठेवतो. त्यातून जे कळलं ते लिहितो, थोडं लांबेल.

आधी खोकल्याचं. पळताना खोकला येऊन कफ पडला, म्हणजे त्या दिवशी पळण्याने आपलं काम चोख केलं. सीएफमध्ये पेशीतून क्लोराइड बाहेर सोडणारी वाट बिघडलेली असते आणि सोडियम मात्र आत ओढलं जात राहतं. त्याच्या मागोमाग पाणी आत जातं, म्हणून श्वासनळ्यांतला कफ सुकून चिकट होतो. व्यायाम चालू असताना सोडियम ओढणारी ही वाट काही वेळ मंदावते, असं २००१ मध्ये नाकाच्या आतल्या अस्तरावर मोजमाप करून दाखवलं गेलं. म्हणजे तेवढा वेळ कफाला थोडं पाणी मिळतं. त्यात खोल श्वासांचा जोर आणि पावलागणिक अंगाला बसणारे हादरे. कफ सुटणारच.

म्हणून आमच्या घरी नियम असा आहे: उबळ आली की थांब, वाक, खोकून घे. मग हफ कर, म्हणजे तोंड मोठं उघडून, आरशावर वाफ धरायची असते तसा पोटातून जोराने श्वास सोड. कफ टिश्यूत थुंक, गिळू नकोस. दोन घोट पाणी पी. श्वास जागेवर आला की पुन्हा सुरू. यात आमचा दीड मिनिट जातो, कधी तीन. तो ९ वर्षांचा असताना मी पहिल्यांदा त्याला असं "पुन्हा सुरू" करू दिलं, तेव्हा माझेच हात थरथरत होते. तो मात्र टिश्यू खिशात कोंबून चेंडूकडे पळाला होता.

दुसरं, किती आणि कसा. इथे माझ्या हातून मोठी चूक झाली, ती तुम्ही टाळा. मी कुठेतरी वाचलं, आठवड्यातून तीन वेळा २० मिनिटं, हृदयाचे ठोके १५० च्या आसपास. ही माहिती खरी आहे. टोरांटोमध्ये ७ ते १९ वर्षांच्या मुलांनी घरच्या घरी तीन वर्षं असा व्यायाम केला होता. २००० मध्ये त्याचे निष्कर्ष आले आणि व्यायाम करणाऱ्या मुलांच्या फुफ्फुसांची क्षमता इतरांपेक्षा हळू घसरली होती. मी हे वाचलं, एका जागी चालवायची सायकल आणली, भिंतीवर तक्ता लावला आणि ८ वर्षांच्या पोराला सोमवार-बुधवार-शुक्रवार त्या सायकलवर बसवायला लागलो. ठोके १४० झाले की मी म्हणायचो, "अजून थोडं जोरात." वहीत पाच आठवडे बरोबरच्या खुणा आहेत. सहाव्या आठवड्यात तीन दिवस कोरे. त्यानंतरच्या पानावर त्याने स्वतः पेन्सिलीने लिहिलंय: "मला हे पण औषधच वाटतं."

ते वाक्य मी कापलं नाही, खोडलंही नाही. सायकल मात्र बाजूला केली.

मग मी आठवडाभर काहीच न सांगता नुसता बघत बसलो, तो आपणहून काय करतो ते. तो भिंतीवर चेंडू मारायचा. वीस-तीस सेकंद झपाट्याने, मग चेंडू दूर जायचा, तो रमतगमत आणायला जायचा, पुन्हा वीस-तीस सेकंद. लहान मुलं खेळतात ती अशीच, झटक्यांत. मोठ्या माणसासारखी एका लयीत अर्धा तास कुठलं मूल पळतं? पुढे कळलं की नेदरलँड्समध्ये सीएफच्या मुलांकडून नेमका असा तुकड्या-तुकड्यांचा, थोडा वेळ जोरात आणि मग विश्रांती, असा व्यायाम बारा आठवडे करून घेतला होता. त्या मुलांचा जोर वाढला, दमही वाढला आणि त्यांना एकूण बरंही वाटलं.

तेव्हापासून आमचा व्यायाम म्हणजे भिंत, चेंडू, दोरीवरच्या उड्या आणि जिना. दोरीच्या उड्या त्याने १२ पासून सुरू केल्या. बारानंतर त्याचा श्वास संपायचा. १० व्या वर्षी ४०, १२ व्या वर्षी सलग १५०. मधे एकदा छातीत संसर्ग होऊन दोन आठवडे दवाखान्यात काढावे लागले, तेव्हा परत आल्यावर ३५ वर आला होता. रडला. मी वही उघडून त्याला पहिल्या पानावरचे बारा दाखवले. अशा वेळी वही फार उपयोगी पडते.

वहीत मी अजून एक आकडा लिहितो, तो फिजिओंनी शिकवला. एक मोठा श्वास घ्यायचा आणि एक ते पंधरा मोठ्याने, ठरलेल्या वेगाने मोजायचं. मोजायला किती श्वास लागले? बसलेला असताना एक. खेळल्यावर तीन-चार. हे यंत्राशिवाय होतं आणि मुलालाही त्याची गंमत वाटते. धाप "भयंकर" आहे की "तीन श्वासांची" आहे, हा फरक आईबापाच्या जिवाला फार मोठा असतो. माझा जीव त्या आकड्याने बराच शांत केला.

आता मिठाचं. तो ११ वर्षांचा असताना कडक उन्हात दोन तास मैदानावर होता. परत आला तेव्हा कपाळावर, कानांमागे पांढरी रवाळ पूड. बोट लावलं तर मिठाचे कण. टोपीच्या कडेलाही पांढरी रेघ उमटली होती. मी विचारलं, पाणी प्यायलास का? म्हणाला, "तहानच नाही लागली." तासाभरात पोटऱ्यांत गोळे आले, ओकारी झाली, आणि आम्ही तातडीने दवाखान्यात. शिरेतून मिठाचं पाणी द्यावं लागलं.

तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरोखरच तहान लागली नव्हती. इतरांच्या घामात मीठ कमी असतं, त्यामुळे घाम गेला की रक्त खारट होतं आणि मेंदूला तहानेचा इशारा मिळतो. आपल्या मुलांचा घामच इतका खारट की पाण्याबरोबर मीठही जातं, रक्ताचा खारटपणा वाढत नाही, आणि इशारा येतच नाही. म्हणून "तहान लागली की पी" हे वाक्य आपल्या मुलांसाठी नाही. आम्ही घड्याळ लावतो: खेळताना दर १५-२० मिनिटांनी घोट घ्यायचेच, आणि बाटलीत मिठाचं पाणी. साधं पाणी नाही. उन्हात खेळणाऱ्या सीएफच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात लिटरमागे साधारण ३ ग्रॅम मीठ असलेलं, चव लावलेलं पेय दिलं तेव्हा मुलं पुरेसं प्यायली. तुमच्या मुलीसाठी किती, ते तिच्या आहारतज्ज्ञांकडून वजनाप्रमाणे ठरवून घ्या, अंदाजाने करू नका.

फिजिओच्या सुट्टीबद्दल माझं उत्तर "नाही" आहे. पण ते इथल्या फिजिओ ताईंनी जास्त नीट सांगावं.

---

छाती_मोकळी

मी लहान मुलांची छातीची फिजिओथेरपिस्ट आहे. वरच्या दादांनी बहुतेक सगळं लिहिलंय, मी राहिलेलं सांगते.

ताई, पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या सीएफ केंद्रात व्यायामाची चाचणी करून घ्या. वर्षातून एकदा तरी व्हावी. सायकल किंवा ट्रेडमिलवर श्वास मोजण्याची सोय असेल तर उत्तमच. नसेल तर १५ सेंटिमीटर उंचीच्या पायरीवर मिनिटाला ३० वेळा चढ-उतार, तीन मिनिटं. याने बरंच कळतं. बोटाला ऑक्सिमीटर लावून ऑक्सिजन किती उतरतो ते बघतात. व्यायामात तो ९० च्या खाली जात असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलायचं, घरी वाढवत बसायचं नाही. बहुतेक मुलांचा उतरत नाही. आणि एकदा तो आकडा डोळ्यांनी पाहिला की आईबाबांच्या तोंडून "हळू!" निघणं कमी होतं, हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

काही गोष्टी मात्र नक्की विचारा. यकृताचा त्रास होऊन पानथरी वाढली आहे का? असेल तर धक्काबुक्कीचे खेळ नकोत. पोटाला फीडिंगची नळी किंवा छातीत औषधासाठी पोर्ट असेल तरी तिथे मार बसेल असं काही नको. मधुमेह सुरू झालाय का? मग खेळाआधी साखर तपासायची. फुफ्फुसातून हवा गळून छातीत साठली असेल, किंवा थुंकीत बऱ्यापैकी रक्त पडलं असेल, तर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत व्यायाम पूर्ण बंद. ताप असेल तेव्हाही विश्रांती. आणि टाकी पाठीला बांधून खोल समुद्रात बुडी मारण्याचा खेळ आपल्या मुलांसाठी नाहीच, कारण फुफ्फुसात अडकलेली हवा वर येताना फुगते.

मुलीला पळताना शिट्टीसारखा आवाज येतो का? तो खोकला कफाचा आहे की नळ्या आवळल्याचा, हे तपासलं पाहिजे. नळ्या आवळत असतील तर खेळण्याआधी पंप घेऊन फरक पडतो.

फिजिओच्या सुट्टीबद्दल. ती विचारते ते अगदी रास्त आहे, आणि हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. सीएफ असलेल्यांना आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांना एकत्र विचारून संशोधनाचे दहा सर्वांत महत्त्वाचे प्रश्न ठरवले गेले, त्यात "व्यायाम छातीच्या फिजिओची जागा घेऊ शकतो का" हा एक होता. अजून त्याचं पक्कं "हो" आलेलं नाही. त्यामुळे तिला सुट्टी देऊ नका, पण दोन्ही एकत्र गुंफता येतं. मी मुलांना सांगते, नेब्युलायझर झाला की पाच मिनिटं उड्या, मग हफ, पुन्हा पाच मिनिटं उड्या, पुन्हा हफ. वेळ तेवढाच लागतो, आणि खुर्चीवर बसून कंटाळण्यापेक्षा मुलांना हे बरं वाटतं. मात्र तुमच्या फिजिओंना दाखवून, त्यांच्यासमोर एकदा करून मगच सुरू करा.

शाळेला पत्र द्या. तोंडी सांगितलेलं शिक्षकांच्या लक्षात राहत नाही आणि भीती तशीच राहते. पत्रात चार वाक्यं पुरे: तिचा खोकला संसर्गाचा नाही, इतर मुलांना लागत नाही. खोकला आला तर तिला थांबू द्या, थुंकू द्या, पाणी पिऊ द्या, मग परत खेळू द्या. तिची बाटली तिच्याजवळ हवी. ओठ निळसर दिसले, छातीत दुखलं, चक्कर आली किंवा रक्त पडलं तर खेळ थांबवून लगेच फोन करा.

---

आकडे_बघणारी

माझा मुलगा १४ वर्षांचा. थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नका. गेली तीन वर्षं आम्ही व्यायामामागे लागलोय आणि एफईव्ही१ (जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते तो फुफ्फुसाचा आकडा) जिथे होता तिथेच आहे. मी शोधून वाचलं. कॉक्रेन या संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात २४ अभ्यास एकत्र केलेत आणि त्यात म्हटलंय की व्यायामाने फुफ्फुसाच्या आकड्यात फारसा फरक पडत नाही. त्याच वर्षी आलेल्या एका मोठ्या चाचणीत तर, ज्यांना जास्त व्यायाम सांगितला होता त्यांचा आकडा सहा महिन्यांनी दुसऱ्या गटापेक्षा किंचित खालीच होता. मग आधीच दिवसाचे दोन तास उपचारांत जाणाऱ्या मुलाच्या डोक्यावर हे अजून एक ओझं कशाला? मी खरंच विचारते आहे.

---

वहीवाला_बाबा

ताई, राग कशाचा. तुम्ही वाचलंय ते बरोबर आहे. मी दोन्ही वाचलेत, आणि पहिल्यांदा वाचले तेव्हा मीही हताश झालो होतो.

पण त्याच आढाव्यात पुढे असंही आहे की सहा महिने किंवा जास्त व्यायाम केला तर शरीराची कष्ट करण्याची ताकद बहुधा वाढते. त्या मोठ्या चाचणीतही ताकद वाढलेलीच दिसली. आपण सगळे एफईव्ही१ कडे डोळे लावून बसतो, कारण दर तीन महिन्यांनी तोच छापून हातात येतो. माझ्या मुलाचा एफईव्ही१ गेल्या चार वर्षांत ७८ आणि ८१ च्या मधेच घुटमळतोय. वहीत त्याच चार वर्षांत दोरीच्या उड्या १५० वरून ४०० वर गेल्यात. जिन्याचे चार मजले तो दप्तर घेऊन न थांबता चढतो. यातलं काहीही त्या छापील कागदावर दिसत नाही.

अजून एक सांगतो, जरा जपून. १९९२ मध्ये एक अभ्यास आला होता, १०९ रुग्णांचा. व्यायामाच्या चाचणीत शरीर किती ऑक्सिजन वापरू शकतं ते मोजलं आणि आठ वर्षं वाट पाहिली. ज्यांचा दमसास चांगला होता त्यांतले ८३ टक्के आठ वर्षांनी हयात होते, सर्वांत कमी दमाच्या गटातले २८ टक्के. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मुलाच्या खोलीच्या दाराशी जमिनीवर बसून होतो. तो काळ आजच्या औषधांच्या आधीचा आहे, आणि ज्यांचा आजार मुळात सौम्य त्यांचा दम चांगला असणार, हेही आहेच. त्यामुळे "व्यायाम केला की आयुष्य वाढतं" असा त्याचा अर्थ काढू नका, मी काढत नाही. पण शरीराची ताकद ही फुफ्फुसाच्या आकड्याहून वेगळी आणि मोलाची गोष्ट आहे, एवढं मला त्यातून पटलं.

ओझ्याचं म्हणाल तर तुमचं शंभर टक्के खरं. माझ्या पोराने पेन्सिलीने लिहिलेलं वाक्य तेच सांगत होतं. तुमच्या मुलाला त्यातलं काय आवडतं?

---

आकडे_बघणारी

त्याला पोहायला आवडतं. आम्ही पाण्यातल्या जंतूंच्या भीतीने बंद केलं होतं.

---

छाती_मोकळी

नीट क्लोरीन असलेल्या, स्वच्छ ठेवलेल्या तलावात पोहणं चालतं, बहुतेक केंद्रं प्रोत्साहनच देतात. साचलेलं पाणी आणि गरम पाण्याचे टब टाळायचे, तिथे स्यूडोमोनास हा फुफ्फुसांना त्रास देणारा जंतू वाढतो. तुमच्या डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा.

---

अठरा_अधिक_एक

काकू, मी १९ वर्षांची आहे, मला स्वतःला सीएफ आहे. तुमच्या मुलीच्या हातातल्या स्टॉपवॉचबद्दल वाचलं आणि मला माझी शाळा आठवली. मला गुण लिहायला बसवायचे.

मला एका अशा गोष्टीबद्दल लिहायचंय जी कुणीच लिहिणार नाही. मी १३ वर्षांची होईपर्यंत खूप पळायचे. १४ व्या वर्षी सगळं सोडलं. घरच्यांना वाटलं आळस, वय, मोबाइल. डॉक्टरांनाही तेच वाटलं. खरं कारण हे होतं की उड्या मारताना किंवा जोरात खोकताना मला थोडी लघवी व्हायची. मैदानावर, सगळ्यांसमोर. मी काळे कपडे घालायला लागले, मग पाणी कमी प्यायला लागले, जे आपल्यासाठी किती वाईट ते वर लिहिलंच आहे, आणि मग मैदानावर जायचंच सोडलं. दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. १६ व्या वर्षी एका नव्या फिजिओ ताईंनी आईला बाहेर बसायला सांगितलं आणि अगदी सहज विचारलं, "खोकताना लघवी होते का? आपल्यातल्या बऱ्याच मुलींना होते." मी तिथेच रडायला लागले.

वर्षानुवर्षं खोकून खोकून ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर ताण येतो, म्हणून हे होतं. त्यावर व्यायाम आहेत. खोकण्याआधी ते स्नायू आवळून वर खेचायचे, मग खोकायचं. हे शिकता येतं. मला तीन-चार महिन्यांत खूप फरक पडला. काकू, तुमची मुलगी ११ ची आहे. एक-दोन वर्षांत ती अचानक "मला नाही जायचं" म्हणायला लागली तर आधी हे विचारा. तुमच्याशी नाही बोलली तर फिजिओंना विचारू द्या.

दुसरं म्हणजे, नुसतं पळणं नको, ताकदीचे व्यायामही हवेत. आपली हाडं ठिसूळ व्हायची भीती असते आणि ती मजबूत व्हायचं वय हेच आहे. उड्या मारणं, वजन उचलणं हाडांना चांगलं. दवाखान्यात दाखल झालेल्या ८ ते १६ वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास झाला होता, २००२ मध्ये आला. ज्यांनी पळण्या-चालण्याचा व्यायाम केला त्यांचा दम जास्त वाढला, आणि ज्यांनी ताकदीचा केला त्यांचं वजन आणि पायांची ताकद जास्त वाढली. म्हणून मी दोन्ही करते. मी सुरुवात पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्यांनी केली होती. बैठका, भिंतीला टेकून अर्धे दंड, बाटल्या डोक्यावर उचलणं. आता खरी वजनं उचलते. वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही, उचलताना सोडायचा, एवढं मात्र पहिल्या दिवसापासून शिकवा.

माझ्या जनुकातल्या बिघाडावर चालणारं सीएफचं तीन औषधांचं मिश्रण मिळायला लागल्यापासून माझा कफ जवळजवळ गेलाय. सुरुवातीला मला वाटलं, कफच नाही तर पळायचं कशाला? चार महिने काही केलं नाही. मग जिना चढताना लक्षात आलं की छाती मोकळी आहे पण पाय संपलेत. फुफ्फुसं सुधारली तरी स्नायू आपोआप येत नाहीत.

आणि एकटेपणाबद्दल. सीएफ असलेली दोन मुलं एकत्र व्यायाम करू शकत नाहीत, एकमेकांचे जंतू लागतात, दोन मीटर लांब राहायला सांगतात. मला हे फार लागायचं, कारण मला समजून घेणारी मैत्रीण तीच होती आणि तिच्याजवळ जायची बंदी. आता आम्ही दोघी आठवड्यातून तीनदा व्हिडिओ कॉलवर व्यायाम करतो. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवतो. एकीला उबळ आली की दुसरी मोजत थांबते. तुमच्या मुलीला हवं असेल तर तिच्या वयाच्या कुणाशी तरी असं जोडून द्या.

---

दोन_वेण्यांची_आई

तुम्हा सगळ्यांचं लिहिलेलं मी तीन वेळा वाचलं. अठरा_अधिक_एक, अगं, तुझं लिहिलेलं मी कागदावर उतरवून ठेवलंय, लागेल तेव्हा काढीन. एवढं उघडपणे लिहिलंस.

मधल्या तीन आठवड्यांत काय झालं ते सांगते. केंद्रात पायरीची चाचणी करून घेतली. ती ९० पायऱ्या चढली-उतरली. ऑक्सिजन ९७ वरून ९४ ला आला आणि मिनिटभरात परत ९७. मी ऑक्सिमीटरकडे बघत होते, ती माझ्याकडे बघत होती. पंधरा मोजायला चढण्याआधी एक श्वास लागला, नंतर चार. फिजिओंनी शिट्टीसारखा आवाज तपासला, नाहीये. पानथरी ठीक आहे. मिठाचं प्रमाण आहारतज्ज्ञांनी लिहून दिलं.

पत्र नेऊन दिलं. बाईंनी माझ्यासमोर ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "मला कुणी हे सांगितलंच नव्हतं. मला वाटलं तिचा जीव जाईल." त्यांचे डोळे भरून आले होते, माझेही. आता तिची बाटली आणि टिश्यूची पिशवी मैदानाच्या कडेला असते.

घरी नेब्युलायझरनंतर उड्या आणि हफ सुरू केलंय, पाच मिनिटांचे दोन फेरे. पहिल्या दिवशी दोरीवर ९ झाल्या. काल २२. सुट्टी नाही म्हटल्यावर दोन दिवस फुगून बसली होती, मग उड्यांमुळे खुर्चीवरचा वेळ कमी झाला हे तिच्या लक्षात आलं.

एक विचारायचं राहिलं. दादा, संसर्ग होऊन आजारी पडल्यावर परत सुरू करताना तुम्ही कुठून करता? त्याच आकड्यावरून की खालून?

---

वहीवाला_बाबा

खालून, ताई. ताप उतरून खोकला नेहमीसारखा झाला की आधी दोन-तीन दिवस नुसतं चालणं. मग पूर्वीच्या आकड्याच्या साधारण अर्ध्यावरून. आमच्याकडे पहिल्यासारखं व्हायला बहुधा आजारपणाच्या दुप्पट दिवस लागतात, हा माझ्या वहीचा अनुभव, नियम नाही. आणि आजारपणातले दिवस कोरे ठेवू नका, "ताप" एवढं लिहा. नाहीतर नंतर पानं उलटताना मुलांना वाटतं आपणच टाळलं.

शाळेच्या वहीचं काय झालं?

---

दोन_वेण्यांची_आई

शुक्रवारी १०० मीटर पळाली. सत्तरच्या आसपास थांबली, खोकली, थुंकली, पाणी प्यायली आणि उरलेलं पळून गेली. वेळ तिच्या मैत्रिणीने लिहिली: १ मिनिट ५२ सेकंद. खाली कंसात मैत्रिणीने लिहिलंय, "थांबलेला वेळ धरून."